जुना पार्ट परत

आलेल्या पत्राला उत्तर दिलं नाही, असं श्रीरंग तांबवेकरांच्या हातून आयुष्यात एकदाच झालं. एरवी ते लग्नपत्रिकेलासुद्धा पोच लिहिणारे गृहस्थ. साताऱ्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेले, माणसांपेक्षा पुस्तकांत जास्त रमणारे. फोन करायचा झाला तर पहिलं वाक्य आधी मनात दोन-चार वेळा म्हणून बघायचे. पत्राचं त्यांना बरं वाटे. पत्रात खोडता येतं.

आणि अलीकडे पत्रांना पुन्हा दिवस आले होते. कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्का बोलायला लागल्यापासून लोक नाजूक गोष्टी यंत्रापुढे बोलेनासे झाले होते. कामाचं फोनवर, मनातलं कागदावर, अशी वाटणीच होऊन गेली होती. पोस्टमन पुन्हा गल्लीत रोज दिसू लागला होता.

ते पत्र दहिवडीहून आलं होतं. तेजश्री गोंजारी या बाईंनी लिहिलं होतं:

‘सर, लॅपटॉप उत्तम चालतो आहे. पार्सलमध्ये जुनी डिस्क मात्र नव्हती. तुमच्याकडे राहिली असेल तर कृपया पाठवावी. दुसरं एक विचारायचं आहे. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पक्षाघात झाल्यापासून बोलता येत नाही. ऐकतात, पेपर वाचतात, सगळं समजतं. पण बोलणं गेलं आणि लिहिणंही गेलं. त्या डिस्कमध्ये त्यांचा आवाज असेल असं मला वाटतं. वाचून घेऊ का म्हटलं की ते मान हलवून नको म्हणतात. का नको, ते त्यांना सांगता येत नाही. मला तर तो आवाज ऐकायचा आहे. काय करावं? तुमचा लेख वाचून मी लॅपटॉप तुमच्याकडे दिला होता. तुम्ही काही डिस्क ऐकली नसणार, म्हणून तुम्हालाच विचारते.’

शेवटच्या ओळीपाशी आलं की सरांचे कान तापत. त्यांनी डिस्क ऐकली होती. नुसती ऐकली नव्हती, रोज दुपारी ऐकत होते. आता ऐका म्हणावं तर कशाच्या जोरावर, आणि ऐकू नका म्हणावं तर कोणत्या तोंडानं? उत्तरात एक तर खोटं लिहावं लागलं असतं, नाही तर खरं. सरांनी पत्र ज्ञानकोशाच्या एका जाड खंडात ठेवून दिलं.

*

तो लॅपटॉप सरांकडे आला तेव्हा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. वीटभर जाड, वर उचलायची मूठ, कडांना रबर, प्रत्येक भोकाला घट्ट बसणारं झाकण. खाणीत, बोटीवर, जीपच्या टपावर वापरायला म्हणून बनवलेली ही जात. पडलं तरी फुटू नये म्हणून अंग मॅग्नेशियमचं, आणि धूळपाणी आत जाऊ नये म्हणून सगळं बंद, पंखासुद्धा नाही. गोंजारींचा धंदा बोअर तपासायचा. दोरावर प्रोब, म्हणजे मोजणी करणारी नळी, बोअरमध्ये सोडायची आणि कोणत्या खोलीवर खडक आहे, कुठं भेग आहे, पाणी कुठं आहे, ते पाहायचं. त्यांचा प्रोब जुना असला तरी धडधाकट होता, पण त्याची भाषा या एका लॅपटॉपलाच कळत होती. आणि लॅपटॉपची हार्ड डिस्क सुरू होताना टकटक करू लागली होती. म्हणजे तिचे दिवस भरत आले होते.

सरांनी खालची पट्टी सरकवून डिस्कची डबी बाहेर ओढली. अशा लॅपटॉपमध्ये डिस्कच्या भोवती जेलची गादी असते. धक्का बसला तर तो गादीत जिरतो. इथं गादी नव्हती. ती कधी तरी कडक होऊन फुटली असावी, आणि कोणी तरी तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून ठासून बसवले होते. इतके गच्च, की डिस्क डबीला आणि डबी अंगाला चिकटून एकजीव झालेली. सरांना हसू आलं. इतकी वर्षं ही डिस्क माणदेशातल्या रस्त्यांवर गादीशिवाय टिकली, हेच नवल.

मग रीतीप्रमाणे काम झालं. रिबिनीसारखी केबल जपून सोडवली. जुन्या डिस्कवरचं सगळं, अडखळत अडखळत, उतरवून घेतलं. नवीन डिस्क हल्लीची, आत काहीच न फिरणारी. तिला जुन्या पिना समजाव्यात म्हणून मधे सर्किटची एक छोटी पाटी जोडली. लॅपटॉपला मोठी डिस्क ओळखता येईना, तेव्हा तिचा थोडाच भाग त्याला दाखवला. गोंजारींचा प्रोग्राम उघडला, पडद्यावर आलेखाची हिरवी रेघ आली, आणि सरांनी स्वतःशीच मान डोलावली.

आता एकच काम उरलं होतं. दुरुस्तीवाल्यांची जुनी रीत आहे: काढलेला भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. जुना पार्ट परत. खरंच बदलला की नाही, त्याच्या डोळ्यांनी बघू दे. डिस्का बोलायला लागल्यावर या रीतीला फार मोल आलं होतं. सरांनी स्वतःच स्थानिक दैनिकात त्यावर लेख लिहिला होता. ‘दुसऱ्याची डिस्क उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या दाराला कान लावणं,’ असं त्यात एक वाक्य होतं. ते वाक्य त्यांना तेव्हा फार आवडलं होतं.

सरांनी पिशवी घेतली, तीत डिस्क घातली आणि पुन्हा बाहेर काढली.

*

डिस्क बोलते म्हणजे काय, ते सर वर्गात सांगितल्यासारखं सांगत. हार्ड डिस्कमध्ये एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावर, न टेकता, एक टोक तरंगत असतं. ते टोक चुंबकीय खुणांच्या गोल रेघा ओढतं. रेघ ओढली जात असताना जवळ कोणी बोललं तर हवा थरथरते, हवेनं पेटी थरथरते, पेटीनं टोक थरथरतं. यंत्र त्याला लगेच सावरतं; पण सावरेपर्यंत रेघ किंचित वाकडी जातेच. चालत्या गाडीत लिहिलेल्या अक्षरावरून रस्ता कसा होता ते कळतं, तसंच हे. हे वाकडेपण इतकं बारीक, की ते मोजावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

मग हिऱ्याचे संवेदक आले. हिऱ्याच्या स्फटिकात मुद्दाम एक खोट ठेवली की ती खोट चुंबकत्वातला अगदी बारीक फरक ओळखते. असं हिऱ्याचं टोक उघड्या चकतीवरून हळूहळू फिरवलं की रेघेचं वाकडेपण मोजता येतं, आणि त्यातून, ती रेघ ओढली गेली तेव्हा तिथे कोण काय बोलत होतं, ते ऐकू येतं. आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो, पण माणूस ओळखू येतो.

यात अटी होत्या. यंत्र त्या वेळी डिस्कवर लिहीत असलं पाहिजे. शेजारी पंखा फिरत नसला पाहिजे. आणि वाचायचं तर डिस्कचं झाकण खोलावं लागे, त्याच्यावरची सीलपट्टी फाडावी लागे.

सुरुवातीला सगळ्यांना गंमत वाटली. मग पुण्यात एका घटस्फोटाच्या दाव्यात नवऱ्याच्या दुकानातली डिस्क पुरावा म्हणून आली. कुठे भावाभावांत वाटणी झालेली मोडली. भंगारवाले डिस्का सोन्यासारख्या जपू लागले. ज्या खंडेनवमीला लोक यंत्रांना हळदकुंकू लावत, त्याच खंडेनवमीला त्या वर्षी गल्लोगल्ली हातोड्यांनी डिस्का फोडल्या गेल्या.

सरांनी वाचकयंत्र घेतलं ते मात्र साध्या इच्छेनं. इडलीपात्राएवढं ते यंत्र त्यांनी आईच्या आवाजासाठी घेतलं होतं. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरशेजारी बसून आई भाजी निवडायची, बोलायची. सरांनी त्या डिस्का एकेक करून वाचल्या. सगळीकडून एकच आवाज आला: पंख्याची घरघर. आई तिच्या मागे कुठे तरी असणार, पण हाती लागली नाही.

आणि आता त्यांच्या हातात अशी एक डिस्क होती, की जिच्या यंत्राला पंखाच नव्हता. प्रोब खाली जात असताना जिच्यावर एकसारखं लिहिलं जात होतं. जिची गादी काढून कोणी तरी तिला थेट पेटीच्या अंगाशी जोडून दिलं होतं. पेटी म्हणजे ढोलच. धंदा करणाऱ्या त्या माणसानं ट्यूबचे तुकडे ठासले ते डिस्क खडखडू नये म्हणून. आपण तिला कान लावून देतो आहोत, हे त्याला कसं कळावं?

फक्त एक मिनिट, सर मनाशी म्हणाले. पंखा नसला तर कसं ऐकू येतं, एवढंच बघायचं.

सीलपट्टी फाटली.

*

“सत्तर मीटर. कडक हाय अजून,” घागरीतून आवाज आला.

सर खुर्चीत ताठ बसले. मागे जीपचं दार, कुठे तरी शेळी. पुन्हा तो आवाज, स्वतःशीच, हलका.

“हेडमास्तर, राग मानू नका, पर हितं पानी न्हाई.” थांबला. “न्हाई. असं नगं. हेडमास्तर, तुमच्या शाळंचं मैदान लई झ्याक हाय. पर पानी...” पुन्हा थांबला. “ह्यॅ. मैदानाचं काय मधीच?”

सरांना हसू फुटलं. हा माणूस वाक्यं म्हणून बघत होता. दार उघडून बाहेर जाऊन लोकांना वाईट बातमी सांगण्याआधी, जीपमध्ये एकटा बसून, एकच वाक्य चार तऱ्हांनी. आपण सोडून जगात आणखी कोणी असं करत असेल, हे सरांना सत्तरी उलटेपर्यंत माहीत नव्हतं.

एक मिनिट वाचायला यंत्राला अर्धी दुपार लागे. सर त्या दुपारींची वाट बघू लागले. त्यांची पत्नी वैजयंती दुपारी वाचनमंडळात जायची. तिची चप्पल जिन्यावर वाजली की सर यंत्रावरचं फडकं काढत. त्यांना या माणसाची, सदाशिव गोंजारींची, सर्दी कळली, ड्रायव्हिंग सीटची कुरकुर कळली, कोणत्या ट्रस्टींना ते घाबरतात तेही कळलं. मंडळातून परतल्यावर वैजयंती विचारायची, “काय हो, गालातल्या गालात हसताय? कुठे फिरून आलात?” सर म्हणायचे, “वाचत होतो.” हे पूर्ण खोटंही नव्हतं.

मग एका दुपारी ते आलं.

“ठमे, तू जा. जीप काय, मी एकल्यानं चालवीन.” बराच वेळ नुसता दोराचा आवाज. “ठमे, जहाजावर नोकरी म्हंजे काय चेष्टा हाय व्हय? समुद्राचा तळ मोजायचा. आपन हितं भोकं मोजतूय. जा तू.” पुन्हा दोर. मग एकदम बारीक आवाजात, “ठमे, नगं जाऊस. तुझ्याबिगर मला हे जमायचं न्हाई. जाऊ नगंस बाई.” आणि लगेच, “न्हाई, न्हाई. तू जा.”

दार उघडल्याचा आवाज. एक तरुण मुलगी हसत म्हणाली, “आप्पा, कुणाशी बोलताय?”

“प्रोबशी.”

“काय म्हणतोय मग?”

“पानी हाय म्हंतोय.”

दार लागलं. प्रोब वर यायला लागला असावा, कारण लिहिणं थांबलं, आणि लिहिण्याबरोबर आवाजही.

दहिवडीचं पत्र आलं ते यानंतर. पत्र वाचल्यावर तरी सर थांबले का? नाही. आता हा आवाज जगात फक्त इथे उरला आहे, असं म्हणून त्यांनी आणखी ऐकलं. तेवढं एक त्यांना पुढे फार मनाला लागलं.

*

तेजश्रीबाई एका सकाळी दारात उभ्या राहिल्या. हातात डाळिंबांची पिशवी, मागे काठी टेकत एक लहानसर चणीचे म्हातारे.

“सर, मी गोंजारी. आप्पांना दवाखान्यात दाखवायला आलो होतो. म्हटलं, लॅपटॉप ज्यांनी जिवंत केला त्यांचं घर आप्पांना दाखवू.”

हे असं समोर येईल, हे सर विसरूनच गेले होते. ज्या माणसाच्या आवाजाशी इतक्या दुपारी काढल्या तो माणूस चांगला आडदांड असेल असं त्यांनी धरलं होतं. हा तर शर्टात हरवून गेला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. डोळे मात्र टक लावून बघणारे.

वैजयंतीनं चहा केला. तेजश्रीबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. पन्नाशीला टेकलेल्या, हाताला दोराचे घट्टे.

“एकटी हिंडता जीप घेऊन?” वैजयंतीनं विचारलं.

“सवय झाली, काकू. लहानपणापासून आप्पांबरोबरच. मधे मला जहाजावर नोकरी लागली होती, समुद्राचा तळ मोजायच्या कामाची. आप्पांना विचारलं, जाऊ का? तर म्हणाले, तुझं तू ठरव.” त्या हसल्या, पण कपाकडे बघून. “मला वाटलं होतं, जा तरी म्हणतील, नाही तर नको तरी म्हणतील. ह्यांना फरकच पडत नाही म्हटल्यावर मग कुठं जायचं? राहिले.”

सदाशिवराव जमिनीकडे बघत होते.

सरांचा जीव कळवळला. आपला जुना मित्र इतक्या वर्षांनी घरी आला आहे आणि अवघडून बसला आहे, असं काहीसं त्यांना वाटलं. वर्षातून एखादा विनोद करणारे सर खुर्ची ओढून सदाशिवरावांच्या शेजारी बसले आणि हसून म्हणाले,

“काय गोंजारीसाहेब, काय म्हणतोय प्रोब? पाणी आहे ना?”

तेजश्रीबाई खळखळून हसल्या. “अगं बाई. काकू, आप्पा अगदी असंच म्हणायचे. मी विचारलं कुणाशी बोलताय, की प्रोबशी. पाणी आहे म्हणतोय.” मग त्या थबकल्या. “पण सर, तुम्हाला कसं माहीत?”

“या धंद्यातले लोक म्हणतात असं,” सर म्हणाले. “ऐकलं होतं कुठं तरी.”

सदाशिवरावांनी मान वर केली. ते सरांकडे नुसते बघत राहिले. मग त्यांचा डावा हात सावकाश वर गेला आणि शर्टाचं गळ्याजवळचं उघडं बटण लावू लागला. एका हातानं ते लागेना. कपडे बदलताना कोणी दार उघडावं आणि माणसानं हाताला लागेल ते अंगावर ओढावं, तसे ते त्या बटणाशी झटत होते. तेजश्रीबाईंनी सहज हात पुढे करून ते लावून दिलं.

“सर, माझं पत्र मिळालं ना?”

“पत्र?” सर म्हणाले. “नाही बुवा. पोस्टाचं हल्ली काही खरं नाही.”

“आणि ती डिस्क?”

“असेल इथंच. एवढ्या पसाऱ्यात... शोधून ठेवतो.”

हे ते तेजश्रीबाईंना सांगत होते आणि ऐकत होता तो दुसरा माणूस, ज्याला सगळं कळलं होतं आणि काही सांगता येत नव्हतं. त्याची वाचा गेली आहे यावर आपण आत्ता विसंबलो, हे सरांना बोलता बोलताच कळलं. निघताना सदाशिवरावांनी एका हातानं अर्धा नमस्कार केला. सरांना पुरता करायचं बळ झालं नाही.

*

जीपचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला, तशी वैजयंती कप उचलत म्हणाली, “पोस्टाचं काही खरं नाही, होय?”

सर दाराची कडी लावत राहिले.

“दहिवडीचं पाकीट ज्ञानकोशात आहे. धूळ झटकताना पडलं होतं. मी उघडलं नाही. दुसऱ्याचं होतं.”

मग सरांनी सांगितलं. सांगताना एकही वाक्य आधी म्हणून बघितलेलं नव्हतं, त्यामुळे ते फार वेडंवाकडं झालं. वैजयंती कप तसेच हातात धरून ऐकत राहिली.

“म्हणजे मी मंडळात गेले, की तुम्ही जीपमध्ये जाऊन बसायचात.”

“विज्ञानाच्या दृष्टीनं बघायला गेलं तर गादी नसल्यामुळे...”

“विज्ञान पहिल्या मिनिटात झालं असेल. पुढचं काय होतं?”

सर म्हणाले, “सोबत.”

“मी आहे की घरात,” ती म्हणाली. रागानं नाही, पण कप जरा जोरात ठेवले. “आयुष्यभर माझं एक वाक्य पुरं ऐकलं नाहीत. एका परक्या माणसाची सर्दीसुद्धा पाठ केलीत.” मग तिनं विचारलं, “त्याची वाचा गेल्याचं कळल्यावर तरी थांबलात?”

“नाही.”

“आणि आज काय झालं त्याला? बटण का लावत होता तो?”

“त्याला कळलं.”

वैजयंती खुर्चीवर बसली.

“काय आहे हो त्यात? इतकं काय आहे?”

सरांच्या ओठांवर ते आलं होतं. ठमे, तू जा. ठमे, नगं जाऊस. सांगितलं असतं तर हलकं वाटलं असतं. वैजयंतीच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं, आणि दोघांनी मिळून त्या माणसाविषयी हळहळ केली असती.

“ते नाही सांगणार,” ते म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली आणि उठून पिशवीतलं एक डाळिंब घेतलं. “निदान इथून पुढं तरी ते त्याचंच राहू दे.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी यंत्रातली सगळी ध्वनिमुद्रणं पुसली. पुसण्याआधी एकदा ऐकावं असं फार वाटलं. ऐकलं नाही. चकती जागेवर बसवून झाकणाचे स्क्रू आवळले. खणात नव्या कोऱ्या सीलपट्ट्या होत्या. एक लावली असती तर डिस्क पुन्हा न उघडल्यासारखी दिसली असती. तेजश्रीबाईंना कधी कळलं नसतं. वाचणाऱ्या प्रयोगशाळेला कळलं असतं, पण तिथवर ती जाईलच असं कुठं होतं? सरांनी पट्टी हातात धरून पाहिली आणि खण बंद केला.

मग पत्र. खोडून खोडून झालं ते असं:

‘तेजश्रीताईंस,

तुमचं पत्र मला मिळालं होतं. मिळालं नाही असं मी तुमच्यासमोर म्हणालो ते खोटं. डिस्कही पसाऱ्यात हरवलेली नव्हती. मी ती उघडली आणि ऐकली. एकदा नव्हे, पुष्कळदा. तुमचं पत्र वाचल्यानंतरसुद्धा. माझा लेख वाचून तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात; तो लेख लिहिणारा माणूस असा निघाला.

ऐकावं की नाही, हे तुम्ही मला विचारलंत. ते सांगायचा अधिकार मला नव्हताच, आता तर नाहीच. म्हणून डिस्क तुमच्या वडिलांच्या नावानं पाठवत आहे. त्यांनी ती तुमच्या हातात ठेवली तर ऐका. नाही ठेवली तर त्यांना पुन्हा विचारू नका. ते त्यात काय बोलले, हे मी कोणाला सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. माझ्याजवळची प्रत पुसली आहे.’

इथे त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं: ‘मात्र ज्याला फरक पडत नाही अशा माणसाचा तो आवाज नाही.’ लिहून त्यांना बरं वाटलं. मग त्यांनी ते खोडलं, इतकं गिरवून खोडलं की कागद फाटला, आणि सगळं पत्र नव्या कागदावर, त्या वाक्याशिवाय, पुन्हा लिहिलं.

दुसरा कागद त्यांनी घडी घालून डिस्कच्या पिशवीत ठेवला.

‘सदाशिवराव, माफ करा असं म्हणायला मला लाज वाटते. मीही वाक्यं म्हणून बघतो, एकटा असताना. कोणी ऐकलं असतं तर मला जगणं नको झालं असतं. ते मी तुमच्या बाबतीत केलं. चहा घेताना तुमची मुलगी जे बोलली, ते तुम्ही ऐकलंत. तिला द्यायचं उत्तर या डबीत आहे. द्यायचं की नाही, ते तुमचं. श्री. तांबवेकर.’

पोवई नाक्याच्या पोस्टात गर्दी होती. चालत येताना सरांनी काउंटरवर म्हणायचं वाक्य तयार केलं होतं: इलेक्ट्रॉनिक वस्तू आहे, जपून. पुढचे लोक सरकत गेले तसं ते दोन-तीनदा म्हणून झालं.

काउंटरवरच्या मुलीनं पार्सल वजनावर ठेवलं. “आजोबा, आत काय?”

“जुनी हार्ड डिस्क.”

तिनं मान वर केली. “बंद आहे की उघडलेली? उघडलेली असेल तर वर तसं लिहावं लागतं. नवीन नियम आहे.”

सरांच्या मागे चार-पाच माणसं उभी होती. डिस्क हा शब्द ऐकून त्यांचं आपसातलं बोलणं थांबलं होतं.

“उघडलेली,” सर म्हणाले.

“कुणी उघडली, पाठवणाऱ्यानं की घेणाऱ्यानं? तेपण लिहायचं.”

“पाठवणाऱ्यानं. मीच.”

मुलीनं जाड पेन पुढे सरकवलं. सरांनी श्री. सदाशिव गोंजारी या नावाच्या खाली, दहिवडीच्या पोस्टमनलाही चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलं: उघडलेली डिस्क. उघडणारा: श्रीरंग तांबवेकर, सातारा. अक्षरं जरा वाकडी गेली. त्यांनी ती गिरवली नाहीत.

“आणि हे पत्र वेगळं जायचंय?”

“हो. मुलीला. आधी तेच पोचलं तर बरं.”

मुलीनं दोन्हींवर शिक्के मारले. पत्र एका ट्रेमध्ये गेलं, पार्सल मागच्या पोत्यात. सर बाजूला सरकले, पण गेले नाहीत. पोत्याचं तोंड बांधून होईपर्यंत, लोक बघत होते तरी, ते तिथेच उभे राहिले.